मेंटेनन्सचं काम आणि ऑटोमेशन: पुण्यातल्या फिटर, इलेक्ट्रिशियन, पंप ऑपरेटरनी आत्ता काय करावं

गळका नळ, जळका स्टार्टर, अडकलेलं शटर, रात्री अडीचला बंद पडलेला पाण्याचा पंप, हे सगळं एकट्यानं निस्तरणारी माणसं पुण्यात प्रत्येक मोठ्या इमारतीत आहेत. कुणी खराडीच्या सोसायटीत, कुणी हिंजवडीच्या आयटी पार्कात, कुणी भोसरी-चाकणच्या कारखान्यात. कागदावर कुणी हेल्पर असतो, कुणी टेक्निशियन, कुणी मल्टिस्किल. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: सगळं ऑटोमॅटिक झालं तर आपलं काय?

हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांचा मुलगा किंवा मुलगी आत्ता आयटीआयचा ट्रेड निवडतेय त्या आईवडिलांसाठीही. माझं म्हणणं आधीच सांगतो. दुरुस्तीचं काम जात नाही. राउंड मारायचं, रीडिंग लिहायचं आणि बटण दाबायचं काम जातंय. अडचण अशी की आज बऱ्याच जणांचा पगार नेमका याच कामासाठी निघतो.

६४ टक्क्यांचा आकडा नीट वाचा

२०१३ साली ऑक्सफर्डच्या कार्ल फ्रे आणि मायकल ऑसबोर्न यांनी अमेरिकेतल्या ७०२ व्यवसायांचा हिशेब मांडला. कुठलं काम संगणक आणि यंत्रं करू लागतील, याची शक्यता त्यांनी प्रत्येक व्यवसायापुढे लिहिली. सर्वसाधारण मेंटेनन्स-दुरुस्ती कामगारापुढे ६४ टक्के आहेत. हा आकडा वाचून लोक घाबरतात, पण त्याच तक्त्यात पुढे-मागे बघत नाहीत. इलेक्ट्रिशियनपुढे १५ टक्के आहेत, प्लंबरपुढे ३५. नुसतं यंत्राचं तेलपाणी आणि नेहमीची देखभाल करणाऱ्यापुढे ८६, आणि दुरुस्तीवाल्यांच्या सुपरवायझरपुढे अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणजे एकाच पॅनल रूममध्ये उभ्या असलेल्या चार माणसांचं भविष्य चार तऱ्हेचं आहे.

२०१६ मध्ये ओईसीडी या प्रामुख्यानं श्रीमंत देशांच्या संघटनेसाठी झालेल्या अभ्यासानं व्यवसाय घाऊक न मोजता त्यातली कामं सुटी करून मोजली. तेव्हा सरासरी ९ टक्केच नोकऱ्या मोठ्या धोक्यात दिसल्या. मला हीच रीत पटते. अमेरिकेचं कामगार आकडेवारी खातंही या कामातल्या नोकऱ्या येत्या दशकात थोड्या वाढतील असंच धरून चालतं. पाइप डक्टमध्ये वाकून शिरायचं, गंजलेला बोल्ट न तोडता सोडवायचा, प्रत्येक इमारतीत वेगळी असलेली वायरिंग ओळखायची, हे रोबोटला अजून जमत नाही.

तरी पुण्यात नोकऱ्या कमी होताना दिसतात, आणि त्या वेगळ्या वाटेनं कमी होतात. टाकीत लेव्हल सेन्सर बसतो, डीजीला, म्हणजे डिझेल जनरेटरला, आपोआप पुरवठा बदलणारा ऑटो चेंजओव्हर लागतो, अलर्ट मोबाईलवर येतो. मग ठेकेदार म्हणतो, रात्रपाळीला माणूस कशाला? चार सोसायट्यांना मिळून एक फिरतं पथक पुरेल. त्या पथकात जो जातो त्याचा पगार वाढतो, बाकीच्यांना घरी बसावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या पथकात शिरण्यासाठी आहेत.

पायरी पहिली: आठवडाभराच्या कामाची यादी

एक वही घ्या आणि सात दिवस प्रत्येक काम लिहा, पाच मिनिटांचं असलं तरी. मग प्रत्येकापुढे तीनपैकी एक खूण करा. ‘बघणं’, म्हणजे मीटर वाचणं, टाकी बघणं, लॉगबुक भरणं, चालू-बंद करणं. ‘बदलणं’, म्हणजे ट्यूब, फिल्टर, वॉशर, एमसीबी, जिथे दोष आधीच माहीत असतो. आणि ‘शोधणं’, म्हणजे काहीतरी बिघडलंय पण काय ते कुणालाच माहीत नाही.

बघण्याचं काम सेन्सर घेणार. बदलण्याचं काम राहील, पण त्याचा भाव वाढणार नाही. भाव आहे तो शोधण्याच्या कामाला. तुमच्या आठवड्यात ते दोन-चार तासांचंच निघालं तर आत्तापासून मुद्दाम वाढवा. बाहेरचा टेक्निशियन एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) कामासाठी आला की त्याच्या शेजारी उभे राहा, त्यानं मीटर कुठे लावला, कुठली वायर आधी सोडली, ते बघा आणि विचारा. बहुतेक जण सांगतात.

पायरी दुसरी: सिग्नल वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मोबाईलवर अलर्ट येतो: पंप क्रमांक २, ओव्हरलोड ट्रिप. सेन्सरचं काम इथे संपलं. आता नुसतं रिसेट दाबून पंप परत चालू करणाऱ्या माणसाची गरज फार दिवस राहणार नाही. तुमची पद्धत अशी हवी.

आधी तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजा. मग पंप चालवून क्लॅम्प मीटरनं तिन्ही फेजचा करंट घ्या आणि मोटरच्या नेमप्लेटशी ताडून बघा. ५ एचपीची थ्री-फेज मोटर पूर्ण लोडवर साधारण साडेसात अँपिअर घेते. तिन्ही फेज सारखे पण जास्त असतील तर दोष बहुधा यांत्रिक बाजूला आहे: बेअरिंग जाम, इम्पेलर घासतोय, कपलिंगची लाइन चुकलीय. एका फेजला शून्य आणि उरलेले दोन चढे असतील तर ते सिंगल फेजिंग, ताबडतोब बंद करा. फ्यूज, कॉन्टॅक्टरचे पॉइंट आणि ढिली लग तपासा. करंट नेहमीपेक्षा बराच कमी असेल तर पंप कोरडा चालतोय किंवा फूट व्हॉल्व्ह पाणी धरत नाहीये. करंट व्यवस्थित असून ट्रिप होत असेल तर रिलेचं सेटिंग बघा. वाइंडिंगची शंका आली तर सप्लाय तोडून ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावा. १ मेगाओहमच्या खाली काटा आला तर ती मोटर चालवू नका.

एक इशारा. पंपाला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह, असेल, आणि नव्या इमारतींमध्ये तो बऱ्याचदा असतो, तर ड्राइव्हला जोडलेल्या केबलवर मेगर कधीच लावू नका. आधी ड्राइव्हकडची टोकं सोडा, नाहीतर ड्राइव्ह जळेल. सप्लाय बंद केल्यावरही ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक असतो. कव्हरवर लिहिलेली मिनिटं थांबा आणि मीटरनं खात्री करून मगच हात घाला.

दुसरी गोष्ट ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल. टाकीची पातळी, दाब, तापमान मोजणारे असंख्य सेन्सर याच भाषेत बोलतात. ४ म्हणजे रिकामं, २० म्हणजे पूर्ण. तीन मीटर खोल टाकीचा सेन्सर १२ दाखवत असेल तर पाणी दीड मीटर आहे. आणि शून्य दाखवत असेल तर टाकी रिकामी नाही, वायर तुटलीय. मोजणी शून्याऐवजी ४ पासून सुरू केली त्याचं हेच कारण. एवढं ज्याला कळतं तो स्क्रीनवर ‘टँक एम्प्टी’ दिसल्यावर घाबरून टँकर मागवत नाही. वर जाऊन झाकण उघडून बघतो आणि मग वायर शोधतो.

तिसरी गोष्ट पीएलसी, म्हणजे सेन्सरकडून सिग्नल घेऊन यंत्रं चालू-बंद करणारा छोटा औद्योगिक संगणक. त्याचा प्रोग्रॅम लिहिता आला नाही तरी चालेल. दिवे वाचता आले पाहिजेत. सेन्सरवरचा दिवा लागतोय का? पीएलसीच्या इनपुटचा? आउटपुटचा? मग रिले किंवा कॉन्टॅक्टर ओढतोय का? या क्रमानं गेलात तर साखळी कुठे तुटली ते कळतं. सेन्सरचा दिवा आहे पण इनपुटचा नाही, म्हणजे मधली वायर किंवा कनेक्टर. आउटपुट आहे पण कॉन्टॅक्टर ओढत नाही, म्हणजे रिले, कॉइल किंवा ओव्हरलोडचा संपर्क. कारखान्यात ‘प्रोग्रॅम उडालाय’ म्हणून इंजिनिअरला बोलावतात, आणि शेवटी निघतो एक ढिला कनेक्टर किंवा तेलानं माखलेला प्रॉक्झिमिटी सेन्सर. प्रोग्रॅम सहसा उडत नाही.

सरावासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एक बरा मल्टिमीटर, तीन कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, टायमर आणि चार पुश बटणं मिळतात. एका फळीवर स्टार-डेल्टाची (मोठी मोटर सुरू करायच्या स्टार्टरची) कंट्रोल वायरिंग स्वतः जोडा, मग मित्राला त्यात दोष घालायला सांगा आणि शोधून काढा. मीटर घेताना स्वस्तातला घेऊ नका. थ्री-फेज पॅनलवर काम करायचं तर ६०० व्होल्ट कॅट-३ या सुरक्षा दर्जाचा हवा. पीएलसीचा खासगी क्लास लावणार असाल तर फी भरण्याआधी एकच गोष्ट जाऊन बघा: प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या हातानं वायरिंग करायला मिळतं की वीस जण एका किटभोवती उभे असतात. ‘शंभर टक्के नोकरी’ असं लिहिलेल्या पाटीवर विसंबून पैसे घालवू नका.

पायरी तिसरी: दुसरा ट्रेड जोडा

एकाच माणसाला वीज, पाणी, वेल्डिंग, सुतारकाम थोडं थोडं येणं ही आपल्याकडे कमीपणाची गोष्ट मानली गेली. मला ते पटत नाही. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो याच विचारावर: शाळा सुटलेल्या मुलांना वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती असं सगळं हातानं करत शिकवायचं. तिथला एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आजही चालतो. अमेरिकेबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायची खुली कार्यशाळा, २००२ मध्ये उभी राहिली ती या पाबळमध्येच. दहावीत अडकलेल्या मुलासाठी ही जागा नक्की बघून या.

पण थोडं थोडं येण्याला एक भक्कम कणा हवा. एका ट्रेडमध्ये पक्के व्हा आणि त्याला खेटून असलेला दुसरा शिका. कुठला, ते तुम्ही पुण्यात कुठे काम करता त्यावर ठरतं.

चाकण, तळेगाव, रांजणगावच्या पट्ट्यात असाल तर फिटरनं वीज शिकावी आणि इलेक्ट्रिशियननं न्यूमॅटिक-हायड्रॉलिक, म्हणजे हवेच्या आणि तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा. बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यात माणसाच्या शेजारी उभे राहून काम करणारे कोबॉट दशकभरापेक्षा जास्त काळ आहेत. त्यांची ग्रिपर, होज, केबल, सेन्सर झिजतात आणि ती कुणीतरी बदलावी लागतात. कोबॉटमुळे लाइनवरचा माणूस कमी होतो, मेंटेनन्सला मात्र नवं काम येतं. आयटीआयमध्ये मेकॅट्रॉनिक्सचा (यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र शिकवणारा) ट्रेड यासाठीच आहे.

सोसायट्यांमध्ये असाल तर एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट, शिका. पुण्यातल्या कितीतरी एसटीपी केवळ ब्लोअर आणि डोसिंग पंपाकडे कुणी बघत नाही म्हणून बंद पडून वास मारतात. सोलर, गांडूळखत, पावसाचं पाणी साठवणं यांतला एक प्रकल्प चालू असला तर पुणे महापालिका मिळकतकरात ५ टक्के आणि दोन किंवा जास्त असले तर १० टक्के सवलत देते. हे प्रकल्प चालू ठेवणारा माणूस सोसायटीचे किती पैसे वाचवतो, याचा हिशेब सेक्रेटरीला कागदावर दाखवा.

एसीवाल्यांना सांगायचं तर जुन्या आर-२२ गॅसचे दिवस भरत आले आहेत. माँट्रिअल करारानुसार आपल्याला त्याचा वापर २०३० पर्यंत जवळपास संपवायचाय. नव्या स्प्लिट एसीत आर-३२ असतो आणि तो पेट घेऊ शकतो. जुन्या सवयीनं गॅस तसाच हवेत सोडणं, व्हॅक्यूम न करता भरणं, जवळच ब्रेझिंग करणं आता चालणार नाही. व्हॅक्यूम पंप, वजनकाटा आणि इन्व्हर्टरचं पीसीबी तपासण्याची पद्धत, या तीन गोष्टी ज्याच्याकडे आहेत त्याला उन्हाळ्यात फोन उचलायला वेळ मिळत नाही.

छतावरच्या सोलरचं कामही वाढतंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. पॅनल बसवणारे खूप झाले; पाच वर्षांनी अर्थिंग, डीसी कनेक्टर आणि इन्व्हर्टरचा दोष शोधणारे कमी पडतील. सोलरच्या सूर्यमित्र प्रशिक्षणाची चौकशी करा. महाऊर्जाचं, म्हणजे राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेचं, मुख्यालय पुण्यातच आहे.

लिफ्टला मात्र स्वतःहून हात लावू नका. राज्यात २०१७ चा उद्वाहन कायदा आहे आणि देखभाल परवानाधारकानंच करायची असते. लिफ्टमध्ये जायचंच असेल तर लिफ्ट कंपनीत शिकाऊ म्हणून लागा. शिंडलरचा कारखाना चाकणला आहे, आणि सगळ्या मोठ्या कंपन्या आता लिफ्टचा डेटा दूरवरून बघतात. दार अडकल्यावर आत सापडलेल्या माणसाला सोडवायला तरीही टेक्निशियनलाच यावं लागतं.

पायरी चौथी: हाताला कागदाची जोड

पंधरा वर्षं काम केलेला माणूस केवळ प्रमाणपत्र नाही म्हणून हेल्परच्या पगारावर राहतो, हे मला फार खटकतं. काम येतं पण कागद नाही अशांसाठी ‘आरपीएल’ ही सोय आहे: आधी मिळवलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात, पूर्ण अभ्यासक्रम करावा लागत नाही. आपल्या कामाच्या आरपीएल केंद्राची चौकशी करा.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी आयटीआयच धरावी. औंधची सरकारी आयटीआय सगळ्यांना माहीत आहे. इलेक्ट्रिशियन, फिटर, रेफ्रिजरेशन-एसी हे दोन वर्षांचे ट्रेड दहावीनंतर मिळतात. वायरमन, वेल्डर, प्लंबर आठवीवरही. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात अप्रेंटिसशिप करा, विद्यावेतन मिळतं. आयटीआयचं आणि अप्रेंटिसशिपचं अशी दोन राष्ट्रीय प्रमाणपत्रं हातात असली की मुलाखतीत वजन पडतं. दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षालाही प्रवेश मिळू शकतो, आणि वरच्या तक्त्यातल्या सुपरवायझरच्या रांगेत जाण्याचा तो सरळ रस्ता आहे.

वीजकाम करणाऱ्यांनी राज्य शासनाच्या अनुज्ञापक मंडळाचा वायरमन परवाना काढावाच. उद्या पॅनलला आग लागली तर चौकशीत पहिला प्रश्न परवान्याचा येतो, आणि ज्याच्याकडे तो नाही त्याच्यावर सगळं ढकललं जातं.

पायरी पाचवी: बिघाडाची स्वतःची नोंद

ठेकेदाराचं लॉगबुक ठेकेदाराकडे राहतं. तुमची वही तुमची असते. प्रत्येक ब्रेकडाऊनला पाच गोष्टी लिहा: तारीख, यंत्र, लक्षण, खरं कारण, किती वेळात चालू झालं. सोबत बदललेल्या भागाचा फोटो. वर्षभरात दिसू लागतं की अमुक पंपाचं सील दर चार महिन्यांनी जातं आणि त्याचं कारण सील नसून अलाइनमेंट आहे. महागडी सॉफ्टवेअर हेच शोधतात. कंपनीचं ॲप असेल तर त्यातही नीट भरा. ‘प्रॉब्लेम सॉल्व्ह’ एवढंच लिहून जॉब बंद करू नका, कारण पुढे बढतीच्या वेळी साहेब तेच उघडून बघणार आहेत. दुसऱ्या मुलाखतीला जाताना ही वही घेऊन जा. बायोडेटापेक्षा ती जास्त बोलते.

पायरी सहावी: जिथे यंत्रच गेलं पाहिजे

एक काम असं आहे की ते यंत्रानं हिसकावून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. सेप्टिक टँक, ड्रेनेजचे चेंबर, एसटीपीच्या बंद टाक्या. आत हायड्रोजन सल्फाइड साचतो. जास्त प्रमाणात असला की त्याचा वासच येईनासा होतो आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही आतच राहतो. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय अशा सफाईसाठी माणूस उतरवणं गुन्हा आहे. केरळच्या जेनरोबोटिक्सनं बनवलेला मॅनहोल साफ करणारा बँडिकूट रोबोट २०१८ पासून वापरात आहे, आणि सक्शन गाड्या पुण्यात सहज मिळतात. चेअरमन असोत की ठेकेदार, ‘पाच मिनिटांचं काम आहे, उतर’ म्हणाले तर नाही म्हणा. नोकरी गेली तर दुसरी मिळेल.

पायरी सातवी: पगाराचं बोलणं

सेन्सर बसवायचा विषय मीटिंगमध्ये निघाला की गप्प राहू नका. तो बसवण्याच्या कामात स्वतःला जोडून घ्या. बसवणाऱ्या कंपनीकडून तुमच्यापैकी एकाला प्रशिक्षण, वायरिंगचा नकाशा आणि पासवर्ड सोसायटीला मिळालाच पाहिजे, हे एएमसीत लिहून घ्यायला सेक्रेटरींना सांगा. नाहीतर दोन रुपयांच्या फ्यूजसाठीही कंपनीचा माणूस येईपर्यंत इमारत कोरडी राहते, आणि हे त्यांना पटवायला फार वेळ लागत नाही.

फिरत्या पथकात घेत असतील तर पाच गोष्टी आधी बोलून घ्या. रात्री अलर्ट आला आणि जावं लागलं तर त्या फेरीचे वेगळे पैसे किती. गाडीचं पेट्रोल कोण देणार. एका वेळी किती इमारती. दोन ठिकाणी एकदम पाणी बंद झालं तर आधी कुठे जायचं ते कोण ठरवणार. आणि पीएफ-ईएसआय कुणाच्या नावावर भरला जाणार, ठेकेदार बदलला तर काय. पीएफचा यूएएन नंबर एकच राहतो, त्यामुळे नवा ठेकेदार नवा नंबर काढतो म्हणाला तर जुना द्या. पगाराची पावती दर महिन्याला मागा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. पदाचं नाव ‘हेल्पर’ लिहिलं असेल तर ते सही करण्याआधी बदलून घ्या; किमान वेतन ठरताना कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गवारीला महत्त्व असतं, आणि मेगर लावून मोटर तपासणारा माणूस अकुशल नसतो.